ट्रॅकसोबत वाजवायचंय? मग आधी ट्रॅकशिवाय वाजवा

बँडमध्ये नव्याने येणारे दोन प्रश्न हमखास विचारतात. ट्रॅकसोबत, म्हणजे आधी भरून ठेवलेल्या संगीतासोबत, वाजवणं म्हणजे फसवणूक नाही का? आणि सॉफ्टवेअर कुठलं घेऊ? पहिल्यावर माझं मत आहे, ते पुढे येईलच. दुसऱ्यावर फार बोलण्यासारखं काही नाही. एबलटन लाइव्ह बरेच जण वापरतात, मीही वापरते. तुम्हाला आणि बँडमधल्या आणखी एकाला तरी डोळे झाकून चालवता येईल असं काहीही घ्या. पण खरा प्रश्न तिसराच आहे आणि तो कोणी विचारत नाही. गायकाने ऐन कार्यक्रमात एक अंतरा गाळला, तर पुढच्या दोन सेकंदांत कोणी काय करायचं?

मी कीबोर्ड वाजवते आणि ट्रॅकचं पेडलही माझ्याच पायाखाली असतं. क्लिक, म्हणजे लय दाखवणारा ठोका, तो इन-इअरमध्ये (कानातल्या छोट्या स्पीकरमध्ये) कसा घ्यायचा, प्रेक्षकांच्या स्पीकरपासून वेगळा कसा ठेवायचा, हे तुम्हाला येतं असं धरून चालते. येत नसेल तर एका संध्याकाळचं काम आहे, त्याचा बाऊ करू नका. मला सांगायचंय ते क्यूबद्दल, म्हणजे क्लिकसोबत कानात बोलणाऱ्या त्या आवाजाबद्दल.

"अंतरा, दोन, तीन, चार." "ब्रिज, दोन, तीन, चार." ट्रॅक बनवताना हा आवाज भरून ठेवतात. प्रेक्षकांना तो ऐकू जात नाही, वादकांना पुढचा भाग एक बार, म्हणजे बहुतेक चार मात्रा, आधी कळतो. इतकी सोयीची गोष्ट की तिच्यात काही वाईट असेल असं वाटतच नाही. या सापळ्यात मी चांगली मुरले होते, म्हणून जरा लांबण लावते.

क्यूवर तालीम सुरू केली की गाणी भराभर बसतात. प्रत्येकाला आपापला भाग येतो, चुका होत नाहीत, सगळे खूश. पण त्या काळात गाण्याचा आराखडा कोणाच्याच डोक्यात उतरत नाही. भाग वादकांना येतात, भागांचा क्रम मात्र फक्त लॅपटॉपला येतो. खोटं वाटत असेल तर वाद्य बाजूला ठेवा आणि रोज वाजवत असलेल्या एखाद्या गाण्याचा नकाशा कागदावर उतरवा. सुरुवातीचं म्युझिक किती बारचं? पहिल्या आणि दुसऱ्या अंतऱ्याची लांबी सारखी आहे का? मधलं म्युझिक आठ बारचं की बाराचं? ब्रिजच्या शेवटी दोन मात्रांचा अर्धा बार कुठे येतो? शंभर वेळा वाजवलेलं गाणंही तिथे अडकतं, कारण शंभरही वेळा ते तुम्हाला कोणीतरी सांगितलेलं असतं.

आता गायक अंतरा गाळतो. ड्रमर क्लिकसोबत राहतो, कारण त्याच्या कानात क्लिक गायकापेक्षा मोठा आहे. बासवाला गायकाचं ऐकून मुखड्यावर उडी मारतो. कीबोर्डवाली क्यूची वाट बघते, आणि क्यू शांतपणे अशा अंतऱ्याची घोषणा करतो जो कोणी गातच नाहीये. जो तो आपल्या जागी बरोबर असतो आणि गाणं मात्र तीन ठिकाणी चाललेलं असतं. ट्रॅक हा अत्यंत नेमका पण ठार बहिरा साथीदार आहे. त्याच्याशी वाद घालून काही निघत नाही.

पण असा प्रसंग क्वचित येतो, आणि सापळ्याचा जास्त वाईट भाग काहीच चुकत नाही तेव्हा ऐकू येतो. बँड आपल्या कानांवर चालतो तेव्हा मुखडा येण्याच्या तीन-चार बार आधीपासून हालचाल सुरू होते. ड्रमर हाय-हॅट किंचित उघडतो, बास वरच्या स्वराकडे सरकायला लागतो, गायकाचा श्वास बदलतो. हे कोणी ठरवत नाही. पुढे काय येणार ते अंगात असतं म्हणून ते होतं. क्यूवर चालणाऱ्या बँडला मुखडा एक बार आधी कळतो, म्हणून चढही एका बारातच उरकावा लागतो. फिल, म्हणजे भाग बदलताना ड्रमर भरतो तो तुकडा, हा घोषणेला दिलेला जबाब होतो. रेकॉर्डिंग काढून ऐका: अंतरा एका पातळीवर, मग धाडकन मुखडा दुसऱ्या पातळीवर, पुन्हा खाली. ऐकणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण पाचव्या गाण्यापर्यंत तो फोन बघायला लागलेला असतो. आणि बँडमधलं कोणीही कोणाकडे बघत नाही. बघायची गरजच संपलेली असते.

म्हणून माझा आग्रह: नवं गाणं आधी ट्रॅकशिवाय बसवा. क्लिकसुद्धा नको. लय हलेल, हलू द्या. गाणं तोंडपाठ झालं की गायकाला मुद्दाम खोड्या काढायला सांगा. मुखडा दोनदा घे, अंतरा गाळ, मधेच थांब, न सांगता परत सुरू कर. बँड पडत-धडपडत का होईना गायकाच्या मागे जायला लागला की मग क्लिक आणा. तोही सलग नको. सोळा बारांपैकी चार बार क्लिक मुका करून ठेवा आणि तो परत येतो तेव्हा तुम्ही कुठे आहात ते बघा. सुरुवातीला लाज वाटण्याइतके पुढे गेलेले असाल. बहुतेक सगळे पुढेच जातात, त्यात खास तुमचा दोष नाही. त्यानंतर ट्रॅकमधलं संगीत आणा. क्यूचा आवाज सगळ्यात शेवटी, आणि तोही लागेल तिथेच: लांब शांततेनंतर सगळ्यांनी एकदम यायचं असेल किंवा मधेच विचित्र मात्रांचा बार असेल तिथे. बाकी ठिकाणचा पुसून टाका.

यावर "एवढा वेळ कोणाला आहे?" असं विचारणारे असतात. त्यांच्याकडे कार्यक्रमात गाणं अर्ध्यावर सोडून परत सुरू करायला वेळ असतो बहुतेक.

दुसरं काम ट्रॅक बनवतानाचं आहे. तो मधेच मेला तरी गाणं उभं राहिलं पाहिजे. ड्रम, बास आणि गाण्याची मुख्य हार्मनी माणसांच्या हातात ठेवा. ट्रॅकवर पॅड (मागे लांबत राहणारे स्वर), कोरसमधले जादा आवाज, स्ट्रिंग्ज, तुमच्याकडे माणूस नाही असं एखादं वाद्य. यात लूप, म्हणजे फिरत राहणारा तालाचा तुकडा, सगळ्यात घातक, कारण त्याचा ठोका उघड ऐकू येतो आणि बँड अर्धी मात्रा सरकला तरी चहाडी होते. लांब स्वरांचे पॅड दयाळू असतात. कॉर्ड बदलेपर्यंत त्यांच्याखाली लय थोडी हलली तरी कोणाला पत्ता लागत नाही. तालमीत न सांगता ट्रॅक बंद करून बघा. गाणं बारीक झालं तर ठीक. कोसळलं, तर ट्रॅकमध्ये नको ते आहे.

अख्खं गाणं एकाच लांब फाइलमध्ये ठेवू नका. मुखडा, अंतरा, सोलो असे तुकडे वेगळे ठेवा. एबलटनच्या सेशन व्ह्यूमध्ये प्रत्येक तुकडा स्वतंत्र क्लिप म्हणून ठेवता येतो आणि एखादा तुकडा हवा तितका वेळ फिरवतही ठेवता येतो. सोलोवाल्याला सूर सापडलाय? फिरू दे अजून आठ बार. पेडलवर दोनच गोष्टी ठेवा: "पुढे" आणि "मर". "मर" म्हणजे खटकन कापणं नव्हे. एखाद्या बारात विरून जाईल असं लावा. कापलेला ट्रॅक ऐकणाऱ्याला चूक म्हणून कळतो, विरलेला कळत नाही.

आणि "मर" दाबायचा अधिकार एकाच माणसाकडे. आमच्याकडे तो माझ्याकडे आहे; बऱ्याच बँडमध्ये ड्रमरकडे असतो आणि ते जास्त बरं, कारण लय त्याच्याच हातात असते. नियम सोपा ठेवा: गायक आणि ट्रॅक यांच्यात फाटलं की ट्रॅक जातो, गायक राहतो. विचार करत बसायचं नाही. पुढच्या मुखड्यावर तो परत आणायचं डोकंही लढवू नका, त्या गाण्यापुरता तो संपला.

क्लिक नव्हता तेव्हा बँड घट्ट वाजत नसत, असा एक समज नव्या मुलांमध्ये पक्का बसलाय. अमेरिकी गायक जेम्स ब्राउनचा बँड त्याच्या हाताच्या इशाऱ्यांवर वळायचा, आणि त्याच्याइतकं घट्ट वाजवणारे आजही थोडेच. उलट बाजूचं उदाहरणही जुनंच आहे. 'द हू' हा ब्रिटिश रॉक बँड १९७१ पासून आधी रेकॉर्ड केलेल्या सिंथेसायझरच्या टेपसोबत मंचावर वाजवत होता, आणि कीथ मूनसारखा मुक्त ड्रमर त्यासाठी हेडफोन लावून बसायचा. ते जमायचं, आणि भन्नाट जमायचं. मग १९७३ च्या दौऱ्यात टेपांची संख्या वाढली आणि न्यूकॅसलला त्या वेळेवर जुळेनात, तेव्हा गिटारवादक पीट टाउनशेंडचा मंचावरच भडका उडाला, सामान फुटलं. तंत्र तेच, माणसं तीच. टेपेवर किती टाकलं होतं, हा फरक.

क्लिकच्या बाजूनेही बोलते, नाहीतर मी जुन्या वळणाची वाटेन. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. मंच मोठा असेल आणि ड्रमर तुमच्यापासून १० मीटरवर, तर त्याचा ठोका हवेतून तुमच्यापर्यंत यायला सुमारे २९ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यावर जलद गाणं चिखलात रुतल्यासारखं वाटतं, आणि इन-इअरमधला क्लिक तिथे खरंच वाचवतो. हळू गाण्यात क्लिक अर्ध्या मात्रांचा ठेवा. ६० च्या लयीत दोन ठोक्यांमध्ये अख्खा सेकंद जातो आणि त्या सेकंदात माणूस कुठेही भरकटू शकतो. ऐकू येत नाही म्हणून क्लिक वाढवत मात्र जाऊ नका. आधी त्याचा टोन बदला, ड्रमच्या गर्दीत वेगळा उठून येईल असा. १०० डेसिबलला सुरक्षित वेळ जेमतेम १५ मिनिटांची धरतात, आणि गेलेले कान परत येत नाहीत.

आणखी एक तांत्रिक गोष्ट, एकाच दमात: सगळ्या फाइलींचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले तो आकडा) एक ठेवा. ४४.१ किलोहर्ट्झवर बनवलेली फाइल, स्वतःहून रूपांतर न करणाऱ्या प्लेअरवर ४८ ने वाजली, तर सुमारे नऊ टक्के जलद आणि जवळजवळ दीड सेमीटोन वर वाजते. असल्या पट्टीत गायकाला काहीही करता येत नाही.

फसवणुकीचं म्हणाल, तर माझी रेघ मुख्य गायकाच्या गळ्यावर आहे. पॅड, कोरस, तालवाद्यं ट्रॅकवर असली तर मला काही वाटत नाही. समोर उभ्या माणसाचा मुख्य आवाज फाइलमधून येत असेल, तर वाटतं. त्यात धोकाही सगळ्यात मोठा आहे. २००४ मध्ये 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या अमेरिकी टीव्ही कार्यक्रमात गायिका अॅशली सिम्पसनच्या दुसऱ्या गाण्याच्या वेळी आधीच्याच गाण्याचा रेकॉर्ड केलेला आवाज सुरू झाला; माइक तोंडाजवळही नव्हता. ती थोडी नाचली आणि मंचावरून निघून गेली. पॅड चुकीचं सुरू झालं असतं तर कोणाच्या लक्षातही आलं नसतं.

मार्गदर्शकांबद्दल. "क्लिकला चिकटून राहा, बाकी आपोआप होतं" असं म्हणणारा एक आणि "खऱ्या वादकाला क्लिक लागत नाही" असं म्हणणारा दुसरा, या दोघांपासूनही लांब राहा. पहिला तुम्हाला कारकून करील आणि दुसऱ्याच्या नादाने कामं जातील, कारण आज क्लिकवर वाजवता न येणाऱ्याला बोलावणं कठीण झालंय. तालमीत तुम्हाला पडू देणारा आणि नंतर कुठे पडलात ते दाखवणारा शोधा. तयार ट्रॅक विकत घेण्याचा शॉर्टकटही मला पटत नाही. दुसऱ्या कोणाच्या पट्टीत, दुसऱ्याच्या बारांच्या हिशेबाने आयुष्यभर वाजवत बसाल. घ्यायचाच असेल तर प्रत्येक वाद्य वेगळं मिळतं तो घ्या आणि निम्मं काढून टाका.

पूर्ण बांधलेल्या शोमध्ये काम मिळालं, जिथे दिवे आणि पडद्यावरचं चित्र टाइमकोडने (वेळ दाखवणाऱ्या संकेताने) ट्रॅकला जोडलेलं असतं, तर घाबरू नका आणि बंडही करू नका. तिथे "मर" दाबायचं नसतं. पण ठोका किती दाबून मारायचा, क्लिकच्या केसभर पुढे राहायचं की मागे रेलायचं, कुठला स्वर सोडून द्यायचा, हे कोणीच प्रोग्राम केलेलं नसतं. तिथेही भरपूर जागा असते. पहिले काही कार्यक्रम ती दिसत नाही, एवढंच. मग दिसायला लागते.

नव्या बँडने बोलावलं की मानधनासोबत एवढं विचारून घ्या: ट्रॅक थांबवायचा अधिकार कोणाकडे आहे, माझ्या कानातला क्लिक आणि क्यू वेगवेगळे कमी-जास्त करता येतात का, आणि एक तरी तालीम ट्रॅकशिवाय होते का. शेवटच्या प्रश्नावर "तशी वेळच येत नाही आमच्यावर" असं उत्तर आलं, तर काम जरूर घ्या, पण त्याच रात्री सगळ्या गाण्यांचे बार मोजून लिहून काढा.