तारा तुटला की स्पेस स्टेशन गेलं? आकाश बघताना या चुका टाळा

ऑगस्टातल्या ययाती उल्कावर्षावाचं आपल्या बेळगावकरांना काही सुख नाही, तेव्हा पाऊस डोळा उघडू देत नाही. म्हणून आम्ही १३ डिसेंबरची रात्र धरतो, मिथुन राशीतल्या उल्कांची. गेल्या खेपेला येळ्ळूरच्या राजहंसगडावर कानटोप्या घालून बसलो होतो. साडेबाराला भाचा ओरडला, “मामा, स्टेशन जायलंय बघ!” मी मान वळवली तर तिथं काहीच नाही.

मान वळवेपर्यंत जे विझतं ते स्टेशन नव्हे. आंतरराष्ट्रीय स्पेस स्टेशन सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून सेकंदाला साडेसात किलोमीटरपेक्षा जास्त वेगानं धावतं, पण खालून बघताना ते निवांतच वाटतं. हात लांब करून मूठ धरा. तेवढं, म्हणजे साधारण १० अंश आकाश ओलांडायला त्याला अगदी माथ्यावरसुद्धा दहाएक सेकंद लागतात, खाली क्षितिजाकडे आणखी जास्त. चांगली फेरी चार ते सहा मिनिटं चालते. आत जाऊन आजीला हाताला धरून अंगणात आणा, तरी ते असतं. मिथुनातली उल्का सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटर वेगानं येते आणि शंभरेक किलोमीटर उंचीवर जळते. दिसली की मोठ्यानं मोजायला लागा, बहुतेकदा ‘दोन’ म्हणायच्या आत खेळ आटोपतो.

दुसरं, घड्याळ बघा. स्टेशनला स्वतःचा उजेड नाही, ते उन्हानं चमकतं. त्यामुळं आपल्याकडून ते सूर्यास्तानंतर किंवा पहाटे, साधारण दोन तासांच्या आतच दिसतं. मध्यरात्री ते पृथ्वीच्या सावलीत असतं. भाच्याचा दावा इथंच पडला. संध्याकाळी मात्र भर आकाशात स्टेशन मंद होत नाहीसं झालं, तर “जळालं वाटतं!” म्हणू नका. ते सावलीत शिरलेलं असतं.

ॲपनं वेळ दिली आणि काहीच दिसलं नाही? आधी ॲपमधलं गाव तपासा. माझ्या फोनवर कित्येक महिने पुणंच होतं. पुण्यात माथ्यावरून जाणारी फेरी इथून बरीच कललेली दिसू शकते. शिवाय जांबोटी-चोर्ल्याकडे डोंगर आडवे येतात, तेव्हा ४० अंशांपेक्षा वर चढणाऱ्या फेऱ्याच निवडा. लाल-हिरवं लुकलुकलं तर ते विमान, सांबऱ्याचं नाहीतर वरून जाणारं.

उलटी चूकही होते, आणि ती जास्त मजेची. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी महाराष्ट्राच्या आकाशातून जळते तुकडे ओळीनं गेले. कितीतरी जणांना तो उल्कावर्षाव वाटला. पुढं चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ धातूचं भलंमोठं कडं सापडलं, आणि ते चिनी रॉकेटचे अवशेष असल्याचं जाणकारांनी सांगितलं. असा कचरा उल्केपेक्षा बराच हळू, तुटत तुटत, आडवा लांबवर जातो.

फोटोत तर दोन्हींची रेघच उमटते. तेव्हा आधीची आणि नंतरची फ्रेम उघडा. उपग्रहाची रेघ एकसारखी असते आणि पुढच्या फ्रेममध्ये चालू राहते. उल्का टोकांना निमुळती, मध्ये फुगलेली, कधी हिरवट, आणि एकाच फ्रेमपुरती. भाच्यानं पंधरा सेकंदांचे फोटो लावून ठेवले होते. साडेबाराच्या फ्रेममध्ये हिरवट रेघ सापडली, अलीकडं-पलीकडं नुसत्या चांदण्या.