डायलिसिसवर असताना आवळा, द्राक्षं, बेदाणे: किती आणि कसे

किडनी निकामी झाली की शरीरातला ऑक्सिडेटिव्ह ताण, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या घटकांचा मारा, वाढतो. विषद्रव्यं साचतात, डायलायझरच्या, म्हणजे रक्त गाळणाऱ्या नळकांड्याच्या, पडद्याला रक्त लागलं की पांढऱ्या पेशी चेतवल्या जातात, आणि क जीवनसत्त्व डायलिसिसमध्ये धुऊन जातं. हे कळलं की घरचे मायेने आवळ्याचा रस सुरू करतात. घात तिथेच होतो.

क जीवनसत्त्व दिवसाला साधारण 60 ते 100 मिलिग्रॅम पुरतं. चघळायची गोळी 500 ची असते. जास्तीच्या क जीवनसत्त्वापासून ऑक्सलेट बनतं. लघवीवाटे जाता येत नाही म्हणून ते हाडांत, हृदयात साठतं. म्हणून रोजचा आवळारस नको. डॉक्टरांनी दिलेली ब-क जीवनसत्त्वाची गोळी डायलिसिसनंतर घ्या, आधी घेतली तर वाहून जाते.

फळांत दुसरी काळजी पोटॅशियमची: किडनी ते बाहेर टाकत नाही, ते रक्तात वाढलं की हृदयाची लय बिघडते. निफाड-पिंपळगावची द्राक्षं मात्र अगदीच वर्ज्य नाहीत. 100 ग्रॅम द्राक्षांत पोटॅशियम सुमारे 190 मिलिग्रॅम, म्हणजे 10-12 मण्यांत शंभरेक. तीच द्राक्षं वाळली की 100 ग्रॅम बेदाण्यांत 750 च्या आसपास. मनुका भिजवलेलं पाणीही नको, पोटॅशियम त्यात उतरलेलं असतं. पेरूच्या 100 ग्रॅममध्ये 400 च्या वर. कमरख, म्हणजे स्टारफ्रूट, एक फोडही नको: त्यातल्या विषाने न थांबणारी उचकी, भ्रम, झटके येतात. चुकून खाल्लं गेलंच तर लगेच हॉस्पिटल गाठा.

भाजीतलं पोटॅशियम कमी करायला ती सोलून बारीक चिरा, पाचपट पाण्यात दहा मिनिटं उकळा, पाणी ओतून द्या, मग फोडणी. बटाटा दोनदा उकळा. कुकरमध्ये थोड्या पाण्यात शिजवून तेच पाणी रश्शात घातलं तर सगळी मेहनत वाया.

मीठ दिवसभरात 5 ग्रॅमच्या आत. मिसळीचं फरसाण आणि तर्री मिळून त्यातला मोठा वाटा एका बैठकीत संपवतात. ‘लो सोडियम’ मीठ त्याहून घातक, त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं.

तंबाखू, मिश्री बंद. डायलिसिसचे चार तास पूर्ण करा. अर्धा तास आधी उठलात तर तेवढी विषद्रव्यं अंगातच राहतात.

रक्ताच्या रिपोर्टमध्ये पोटॅशियम 5.5 (mEq/L) च्या वर आलं तर फळं थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. पाय लुळे वाटले, छातीत धडधडलं तर रिपोर्टची वाट पाहू नका, लगेच ईसीजी काढून घ्या.