दिवस गेले, पण मोजले कोणी? पोटुशी नायिका लिहिताना या चुका टाळा

दर शनिवारी संध्याकाळी सहकारनगरला आमच्या घरी संहितावाचन असतं. त्यात एकच गोष्ट नावं बदलून इतक्यांदा ऐकलीय की पुढचा संवाद मीच म्हणून टाकते. तिशी उलटलेली नायिका लग्नाची वाट बघून कंटाळते, एकटीनंच मूल वाढवायचं ठरवून दात्याच्या शुक्राणूंनी दिवस राहण्याचे उपचार घेते, दवाखान्यातून बाहेर पडताना एका तरुणाशी रिक्षावरून भांडते, आणि तोच तिला जन्माला पुरणार असतो. शेवट दुसऱ्या पानावर कळतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. या दोघांचं जुळणार हे माहीत असूनच लोक तिकीट काढतात. पण जुळेपर्यंतचे नऊ महिने तरी खरे असावेत की नाही?

माझी सगळ्यात लाडकी चूक म्हणजे कॅलेंडर न बघणं. मागे एक मुलगा फार गोड संहिता घेऊन आला होता. गणपतीच्या दिवसांत उपचार, त्याच संध्याकाळी नायकाची भेट, दिवाळीत टपोरं पोट सावरत फराळ वाटणारी नायिका आणि संक्रांतीला बाळ. आम्ही आठ जण ऐकत होतो. हसलो, टाळ्या दिल्या. त्यात एक बाळंतपण काढलेली मीही होते, आणि मलासुद्धा काही खटकलं नाही. कोपऱ्यात मटार सोलत बसलेल्या माझ्या सासूबाईंनी बोटाच्या पेरांवर मोजलं, "भाद्रपद, आश्विन, कार्तिक, मार्गशीर्ष, पौष. अरे बाळा, शेळीसुद्धा पाच महिने घेते रे!"

मुलगा म्हणाला, "आजी, सिनेमात चालतं." नाही चालत. थिएटरात निम्म्या बायका मोजत असतात.

त्याच रात्री आम्ही हिशेब मांडला. डॉक्टर आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, एकूण चाळीस. म्हणजे उपचाराच्या दिवशीच कागदावर दोन आठवडे झालेले असतात. सप्टेंबरच्या मध्यावर उपचार झाला तर दिवाळीत नऊ-दहा आठवडे. पोट दिसत नाही, पण चकलीच्या तळणीचा वास आला की ती बेसिनकडे पळते, आणि आईला सांगितलेलं नसतं. संक्रांतीला एकोणीस आठवडे. पहिलटकरणीला बाळाची हालचाल साधारण अठरा ते वीस आठवड्यांच्या सुमारास कळते, म्हणजे हळदीकुंकवाच्या गर्दीत, हातात तिळगूळ असताना पोटात पहिल्यांदा काहीतरी फडफडू शकतं. बाळ येणार जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, मृगाच्या आसपास. हे सगळं फुकट मिळत होतं आणि पोरगं उशी बांधायला निघालं होतं.

आणखी एक फुकटची गोष्ट. उपचारानंतर दिवस गेलेत की नाही, हे कळायला जवळजवळ दोन आठवडे लागतात. हे दोन आठवडे सगळे जण कापून टाकतात, दुसऱ्या सकाळी नायिकेच्या हातात दोन रेघांची पट्टी! अहो, ती त्याच्यासोबत कॉफी पितेय आणि त्याला काय सांगायचं हे तिचं तिलाच ठाऊक नाही, यापेक्षा चांगलं काय हवंय?

माझी सवय सांगते. संहिता हातात आली की मी कालनिर्णय काढते (गोष्ट दोन वर्षांत पसरते, म्हणून दोन लागतात) आणि चौकोनांत लाल पेनानं आठवडे लिहिते. फोनमधली ॲपं हे काम चुटकीसरशी करतात, मान्य. पण हातानं लिहिताना चतुर्थ्या, श्राद्धं, सुट्ट्या दिसतात आणि तिथेच प्रसंग सापडतात. रात्री दोनला पहिला खर्डा संपवून सकाळी नऊला "कसा वाटला?" विचारणाऱ्यांना हे सांगून उपयोग नसतो. त्यांना पंचविसाव्या पानावर भेट आणि पंचाहत्तराव्या पानावर ताटातूट एवढंच पाठ असतं.

दुसरी चूक मात्र अक्षम्य. सोनोग्राफी करताना डॉक्टर हसून म्हणतात, "अभिनंदन, मुलगी आहे!" हा आपल्याकडे गुन्हा आहे. 1994 चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि प्रत्येक सोनोग्राफी सेंटरमध्ये तशी पाटी असते. परदेशी सिनेमातले गुलाबी-निळे फुगे उचलले की हे असं होतं. त्यापेक्षा आपलं डोहाळजेवण घ्या. हिरवी साडी, फुलांचे दागिने, पाटावर झाकलेल्या दोन वाट्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. आता यात पेच बघा. नवरा नाही, आई रुसलेली, मग ओटी कोण भरणार? नायकाची आई वाट्या घेऊन दारात उभी राहिली की नाटक आपोआप घडतं. वाटी उचलताना नायिकेच्या हाताला पेढ्याचं तूप लागतं, ती ते पदराला पुसते. एवढं लिहा, फुगे नकोत.

बाकीच्या चुका भराभर. दाता म्हणजे नायकच निघाला, हे वळण नको. 2021 च्या कायद्यानं एकट्या बाईला हे उपचार घेता येतात, पण शुक्राणू बँकेतून येतात आणि दात्याची ओळख गुप्त असते. चिंचा खाणारी नायिका पुरे. फर्ग्युसन रस्त्यावरचा कॅफेही पुरे, पुण्यात माणसं पासपोर्टच्या रांगेतसुद्धा प्रेमात पडतात. गैरसमज अर्धवट ऐकलेल्या फोनवरून नको.

आणि विसर्जन मिरवणुकीत अडकलेली रिक्षा, पाणमोट फुटली, पाच मिनिटांत बाळ! कळांआधी पाणमोट फुटणं हे दहातल्या एखादीच्या वाट्याला येतं, आणि पहिलटकरणीला कळा सुरू झाल्यापासून बारा तास सहज लागतात. तेवढ्यात माणूस लक्ष्मी रोडवरून चालत कोथरूडला जाऊन परत येईल. आणि त्यातही ती कोथरूडहून निघालेली बाई विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडला कशाला शिरली, हे एकाही लेखकानं मला आजवर सांगितलेलं नाही.

तो मुलगा महिन्याभरानं नवा खर्डा घेऊन आला. मृगाचा पाऊस, रेनकोटातली शाळेची पोरं, दवाखान्याच्या पायरीवर भिजलेला नायक. वाचून झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "छान. पण आई रुसलेलीच आहे ना अजून? मग डिंकाचे लाडू कोण करणार?"

त्यानं वही परत उघडली.