काडतुसातली गोळी मागं काढायचीय, तर पुलर कुठला घ्यायचा?

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझं लेथचं शेड आहे. तीस वर्षं यंत्रमागांचे बुश, शाफ्ट, पिन असली कामं करतोय. बंदूक आयुष्यात हातात धरलेली नाही. तरी हा विषय माझ्या गळ्यात पडला तो भाच्यामुळं. तो टेक्सासला असतो, निशाणेबाजीच्या क्लबात जातो आणि काडतुसं स्वतः भरतो. आमची सकाळ सातची, त्याची आदल्या रात्रीची साडेआठ. मी शेडचं शटर वर करत असतो तेव्हा याचा व्हिडिओ कॉल: "मामा, हे बघ की."

सोलापुरात बसून हे वाचणाऱ्यांनी आधी एक ध्यानात घ्यावं. आपल्याकडं शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 5 प्रमाणं परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. पुढचं सगळं तिकडं राहणाऱ्या आपल्या पोरांसाठी आहे, जिथं हे कायद्यानं चालतं.

भाच्याची भानगड अशी झाली. साठ काडतुसं भरून झाल्यावर त्याला दिसलं, की वजनकाट्याचा शून्य सरकलाय. कुठल्या काडतुसापासून सरकला, ते कळायला मार्ग नाही. पावडर ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे साधारण 65 मिलिग्रॅम. एवढ्याशा मापात चूक म्हणजे बंदुकीशी आणि डोळ्यांशी खेळ. तेव्हा साठच्या साठ उघडायची. गोळी बाहेर, पावडर बाहेर, पितळी केस (काडतुसाची नळी) आणि गोळी पुन्हा वापरायला मोकळी. यासाठीच पुलर लागतो. चूक करणारच नाही म्हणणाऱ्यानंही तो पहिल्या दिवशीच घ्यावा, कारण शंकेचं काडतूस घरात ठेवलं की ते कधीतरी चांगल्या डब्यात मिसळतंच.

अडकलेली वस्तू काढायचे दोनच प्रकार आम्हा कारागिरांना माहीत: धरून ओढायची, नाहीतर झटका द्यायचा. पुलरही त्याच दोन जातींचे.

झटक्याचा पुलर दिसायला हातोडीसारखा. डोकं पोकळ, बहुतेक प्लास्टिकचं. काडतुसाची मागची कड तीन पाकळ्यांच्या चकात धरायची, गोळीचं तोंड डोक्याच्या आत, वरून टोपण आवळायचं आणि ठोकायचं. कुदळीचा दांडा सैल झाला की आपण काय करतो? दांड्याचं बूड दगडावर आपटतो. दांडा थांबतो, पण जड कुदळ आपल्या वेगानं खाली सरकून घट्ट बसते. इथंही तेच. हातोडी थांबते, केस चकात अडकलेली असते, गोळी मात्र पुढं जायला बघते आणि सुटते.

यातूनच निवडीचा पहिला मुद्दा निघतो. गोळी जितकी जड, तितकी ती लवकर सुटते. भाच्याच्या .308 रायफलची 168 ग्रेनची, म्हणजे जवळपास 11 ग्रॅमची गोळी दोन-तीन ठोक्यांत यायची. .223 मधली 40 ग्रेनची गोळी अडीच ग्रॅमची. तिला ठोकून ठोकून मनगट जातं.

ठोकायचं कशावर, यात पोरं चुकतात. गॅरेजच्या काँक्रीटवर मारलं तर एक दिवस डोकं तडकतं. लोखंडावर मारलं की हातोडी उसळते, हाताला झिणझिण्या येतात. जाड लाकडाचा ओंडका घ्यावा आणि कापलेल्या टोकावर, म्हणजे रेषा उभ्या राहतील त्या बाजूवर ठोकावं. भाच्याला मी बाभळीचा तुकडा सुचवला. तो म्हणाला, इथं मेस्किट मिळतं. शोधून बघितलं तर ते आपल्या माळावरच्या वेड्या बाभळीच्याच भावकीतलं निघालं! सरपण म्हणून जिला आपण शिव्या देत जाळतो, ती तिकडं मटण भाजायला विकत घेतात.

हातोडीच्या पोटात तळाला स्पंजचा बोळा टाकावा, नाहीतर गोळीचं नाक चेपतं. कानात घालायचा फोमचा बोळाही चालतो. डोळ्यांवर चष्मा पाहिजेच, कारण केसच्या बुडातला प्रायमर, म्हणजे ठोका बसला की पेटणारी टिकली, जिवंत असतो. आणि काही जण चकाच्या जागी काडतुसं भरायच्या प्रेसमधला, केसचं बूड धरणारा शेलहोल्डर घालतात, पटकन बसतो म्हणून. भाच्यानंही एकदा तेच केलं. मी कॅमेऱ्यातून ओरडलो, "काढ बे ते आधी!" जी वस्तू ठोक्यासाठी केलेली नाही, ती ठोक्यात घालू नये. पुलर बनवणाऱ्या कंपन्याही तेच सांगतात. .22 च्या रिमफायर काडतुसाला तर हातोडी लावूच नये. त्याचा पेटणारा मसाला कडेतच भरलेला असतो, आणि चक धरतो ती नेमकी तीच कड.

दुसरी जात कॉलेटची, म्हणजे आवळली की आतली वस्तू घट्ट धरणाऱ्या, चिरा पाडलेल्या नळीची. ही बघितल्यावर मला घरच्यासारखं वाटलं. भरण्याच्या प्रेसवर, डायच्या (केस दाबणाऱ्या, गोळी बसवणाऱ्या साच्याच्या) जागी, 7/8 इंच आणि इंचाला 14 आटे या मापानं ते अंग बसतं. आत गोळीच्या मापाचा कॉलेट. प्रेसचा रॅम, म्हणजे काडतूस वर-खाली नेणारा खांब, वर केला की गोळी कॉलेटात शिरते, वरचा दांडा आवळायचा, रॅम खाली घ्यायचा. केस खाली येते, गोळी वर राहते. आवाज नाही, आपटणं नाही आणि पावडर केसमध्येच राहते, ती सावकाश ओतून घ्यायची. आरसीबीएस कंपनीच्या पुलरला दांडा फिरवून आवळायचा असतो. हॉर्नाडीच्या कॅम लॉकला लिव्हर पाडली की पकड, उचलली की सुटका. ढिगानं उघडायची असतील तर मी लिव्हरच घेईन. दिवसभर आवळ-सोड केलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

पण प्रत्येक मापाला वेगळा कॉलेट लागतो, आणि एका कंपनीचा दुसऱ्याच्या अंगात बसेल असं धरू नका. नावावरही जाऊ नका: .223 च्या काडतुसात गोळी .224 इंचाची असते. व्हर्नियर लावा, मग पैसे द्या.

कॉलेटची खरी अडचण पकडीची आहे. त्याला धरायला गोळीचा सरळ, सारख्या जाडीचा भाग केसबाहेर लागतो. लांब रायफलच्या गोळीला तो मिळतो. 9 मिमी पिस्तुलाची गोळी आखूड. तिचा सरळ भाग केसच्या आत आणि बाहेर नुसतं गोल नाक. त्यावरून कॉलेट घसरतो. शिशाची मऊ गोळी असेल तर घसरतानाच ओरबाडली जाते. तिथं हातोडीच. उलट एखादी गोळी निघतच नसेल, लष्करी पद्धतीची, केसच्या मानेत, म्हणजे गोळी धरणाऱ्या तोंडात, डांबरासारखं सील भरलेली, तर आधी सीटिंग डायनं (गोळी बसवायच्या साच्यानं) ती किंचित आत ढकलावी. टिक् असा आवाज येतो, सील तुटतं, मग काढावी. गंजलेला नट आधी थोडा आवळून मग सोडतात, तीच युक्ती.

आता पैशाचं. हातोडी वीस-तीस डॉलरच्या आसपास मिळते आणि बहुतेक सगळ्या मापांना एकच पुरते. कॉलेटमध्ये अंगाचे वेगळे, प्रत्येक कॉलेटचे वेगळे. म्हणून महिन्याला चार-दोन चुकांची काडतुसं निघत असतील, किंवा पिस्तुलाचंच काम असेल, तर हातोडी घ्या आणि थांबा. रायफलची एकाच मापाची पन्नास-साठ एकदम उघडायची वेळ येत असेल तर त्या एका मापाचा कॉलेट घ्या. भाच्यानं हातोडीनं बावीस काडतुसं उघडली, खांदा धरला आणि तेविसाव्याला कॉलेट मागवला. हातोडी ठेवली, पिस्तुलासाठी.

काढलेली पावडर कुठली आहे याची शंभर टक्के खात्री नसेल तर ती डब्यात परत ओतू नका, कितीही चांगली दिसली तरी. प्रायमरसकट राहिलेल्या केसला कुणी घण मारू नये. ती केस परत भरायची असेल तर तिची मान सैल झालेली असते. डायमधली, जुना प्रायमर ढकलून काढणारी डिकॅपिंग पिन काढून मान पुन्हा दाबून घ्यायची. पिन काढायला विसरलात तर ती थेट जिवंत प्रायमरवर जाते.

आणि कॉलेट आवळताना पहिलवानी नको. भाचा लिव्हरला लोंबकळायचा, गोळीवर तीन चरे उमटायचे. गोळी घसरली तर जरा जास्त, एवढाच हिशोब. हे त्याला तीन कॉलमध्ये सांगितलं. चौथ्यात त्यानं चरा नसलेली गोळी कॅमेऱ्यासमोर धरली आणि विचारलं, दिवाळीच्या पार्सलमध्ये शेंगाचटणी किती किलो बसते.