बेसमेंट खोदताय? मग आजूबाजूच्या विहिरी-बोअरचं पाणी कसं सांभाळायचं

पुण्यात हल्ली रिडेव्हलपमेंट म्हटलं की दोन-तीन मजली बेसमेंट आलंच, आणि खड्डा खोल गेला की पाणी लागतं, मग पंप लावायचे आणि रात्रंदिवस ते पाणी ड्रेनेजमध्ये सोडून द्यायचं. पण ते पाणी कुणाचं तरी असतं हो, शेजारच्या सोसायटीच्या बोअरचं नाहीतर मागच्या वाड्यातल्या विहिरीचं. त्यामुळे माझं म्हणणं एकच, पाणी उपसण्याआधी ते अडवता येतंय का बघा, आणि उपसलंच तर कमीत कमी उपसा आणि स्वच्छ करून परत जमिनीत सोडा.

काम सुरू व्हायच्या आधी, शक्य असेल तर पावसाळा संपल्यावर एकदा आणि मे महिन्यात एकदा, आसपासच्या विहिरी-बोअरची पाणीपातळी मोजून तारखेसकट लिहून ठेवा. विहिरीत टेपला वजन बांधून सोडली तरी भागतं. फक्त भिंतीला लागून असलेली विहीर बघून थांबू नका, कारण आपला खडक बेसाल्ट, त्यात पाणी सगळीकडून सारखं झिरपत नाही, भेगांमधून आणि दोन थरांच्या सांध्यातून येतं, म्हणून कधी कधी जवळची विहीर जशीच्या तशी राहते आणि पलीकडच्या गल्लीतली आटते. परवानगीचंही तेव्हाच बघा, केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे बांधकामासाठी भूजल उपसायचं असेल तर आधी एनओसी लागते.

सॉइल टेस्टिंगसाठी मारलेले बोअर काम झाल्यावर तसेच उघडे राहतात आणि याकडे जवळपास कुणीच बघत नाही. पहिल्या पावसात साइटवरचं चिखलपाणी, डिझेल, सगळं त्या भोकातून थेट खालच्या पाण्यात जातं. सिमेंट आणि बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी बारीक चिकणमाती) यांचं मिश्रण पाइपने तळापासून वरपर्यंत भरून ते बंद करा. प्लॉटवरची जुनी बोअर असेल तर तीही नीट सील करा, राडारोडा टाकून बुजवू नका.

खोदाईचं टायमिंग फार महत्त्वाचं आहे. दिवाळीनंतर सुरुवात करून पावसाच्या आत राफ्ट, म्हणजे तळाचा सलग काँक्रीटचा पाया, टाकून झाला तर पाणी उतरत्या पातळीला मिळतं आणि उपसा आपोआप कमी होतो. आणि खोदाई चालू असताना रोज सकाळी कडा फिरून बघा. वरचा मुरूम बहुतेक कोरडा असतो, तो संपून खडक सुरू होतो तिथे एक ओली रेघ दिसते, किंवा लाल गेरूचा थर लागतो आणि बरोब्बर त्याच्या डोक्यावरून पाणी गळत असतं कारण गेरू चिकणमातीसारखा असतो, पाणी खाली जाऊ देत नाही. ती रेघ स्प्रे पेंटने मार्क करा, फोटो काढा. अख्ख्या खड्ड्याला ग्राउट (भेगा बुजवायला दाबाने भरायचं पातळ मिश्रण) मारण्यापेक्षा त्या सांध्यात आणि मोठ्या भेगांत मारलं तर खर्चही वाचतो आणि पाणी त्याच्या जागी राहतं.

ग्राउट मात्र साधं सिमेंटचंच वापरा आणि प्रेशर बेताचं ठेवा, जास्त प्रेशरने भेगा उघडतात आणि ग्राउट कुठल्या कुठे जातं, म्हणून ग्राउटिंगच्या दिवसांत शेजारच्या विहिरीचं पाणी दुधाळ होतंय का हे बघायला माणूस ठेवा, पीएच पट्टी (पाणी आम्ल की अल्कली ते दाखवणारी) पण बुडवून बघा. गळती थांबेना म्हणून कुणी केमिकल ग्राउट सुचवलं तर आधी त्यात नक्की काय आहे ते लेखी मागा. स्वीडनमध्ये हालांडसोसच्या रेल्वे बोगद्यात १९९७ साली असंच गळती थांबवायला ॲक्रिलामाइड या विषारी रसायनाचं ग्राउट मारलं, ते ओढ्यात उतरलं, मासे मेले आणि ते पाणी प्यायलेल्या गाई लुळ्या पडल्या.

एवढं करूनही पाणी येणारच, ते सेटलिंग टँकमधून काढा. टँकला दोन-तीन कप्पे हवेत, एकाच खड्ड्यात गाळ बसत नाही. पारदर्शक बाटलीत नमुना घेऊन तासभर ठेवा, गढूळच राहिला तर बारीक चिकणमाती आहे, तुरटीचा डोस द्यावा लागेल. नाल्यात किंवा नदीत सोडायचं झालं तर नियमाने पीएच ५.५ ते ९ आणि तरंगता गाळ लिटरला १०० मिलिग्रॅमच्या आत पाहिजे. काँक्रीटचा मिक्सर धुतलेलं पाणी यात अजिबात मिसळू देऊ नका, त्याचा पीएच १२ च्या आसपास असतो, त्याची टाकी वेगळी. पायलिंग (जमिनीत खोल भोकं पाडून काँक्रीटचे खांब ओतणं) असेल तर भोक ढासळू नये म्हणून वापरतात त्या बेंटोनाइटच्या पाण्याचंही तेच, डिसँडर (त्यातली वाळू वेगळी करणारं यंत्र) लावून पुन्हा पुन्हा वापरा आणि शेवटी उरेल ते टँकरने उचलून नेमून दिलेल्या जागी न्या, नाल्यात सोडलं तर ते दिवसेंदिवस खाली बसत नाही आणि माशांच्या कल्ल्यांत अडकतं.

स्वच्छ झालेलं पाणी आधी धुळीवर मारायला, लेबर कँपच्या संडासांना, टेस्ट करून घेतलं तर क्युरिंगलाही (काँक्रीट ओलं ठेवायला) वापरा, उरलेलं शोषखड्ड्यातून जमिनीत परत. गढूळ पाणी चालत्या बोअरमध्ये कधीच सोडू नका, भेगा गाळाने बुजल्या की ती बोअर कायमची गेली.

सगळ्यात जास्त नुकसान खरं तर बिल्डिंग झाल्यावर होतं. बेसमेंटखाली ड्रेन टाकून कायमचा सम्प पंप (खाली साचलेलं पाणी उपसणारा) लावला की पुढची कितीतरी वर्षं रोज पाणी उपसलं जातं आणि कुणी मोजत पण नाही. म्हणून डिझाइनच्या टेबलावरच सांगा की बेसमेंट वॉटरटाइट हवं आणि राफ्ट पाण्याच्या वरच्या दाबाला पुरेल असा, गरज पडली तर खडकात अँकर (राफ्टला खाली धरून ठेवणाऱ्या सळया) घालून. खर्च वाढतो हे खरंय, पण सोसायटीचं पंपाचं वीजबिल वाचतं. आणि बांधकाम चालू असताना वर पुरेसं वजन येईपर्यंत उपसा एकदम बंद करू नका, पावसाळ्यात रिकामा राफ्ट उचलला जाऊ शकतो, पंप कधी बंद करायचा ते स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या. पंप थांबल्यावर पुढचा एक पावसाळा आणि एक उन्हाळा त्याच विहिरींची पातळी मोजत राहा, पहिल्या आकड्यांशी जुळवून बघा आणि ती वही शेजारच्या सोसायटीलाही दाखवा.