‘त्याचं पुस्तक’ म्हणजे कोणतं?

बी.लिब.ला, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या पदवीला, ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांची पंचसूत्री सगळेच पाठ करतात. १९३१ सालची ती सूत्रं. त्यातलं दुसरं, ‘प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक’, मी परीक्षेत व्यवस्थित लिहिलं होतं. पण त्यातला ‘त्याचं’ हा शब्द मला नीट कळला नव्हता, हे नोकरीच्या दुसऱ्या वर्षी लक्षात आलं. यंदा शाळेत ग्रंथपाल म्हणून रुजू होणाऱ्यांसाठी तेच सांगते.

आमची शाळा माणदेशातली. मेंढपाळांची मुलं बरीच. नववीतला एक मुलगा वाचनाच्या तासाला यायचा, खिडकीशी बसायचा, पुस्तक मात्र घ्यायचा नाही. एकदा मी कपाटातून व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ काढली आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाले, ‘‘हे घे, तुमच्याच लोकांचं आहे.’’ मनात मायाच होती. त्यानं पुस्तक घेतलं, दुसऱ्या दिवशी न उघडता टेबलावर ठेवलं आणि दिवाळीपर्यंत पुन्हा ग्रंथालयात पाऊल टाकलं नाही.

मी त्याला पुस्तक दिलंच नव्हतं. सगळ्यांदेखत त्याची जात दाखवली होती. हे आजही आठवलं की घसा दाटतो.

दिवाळीनंतर तो आपणहून आला. ‘‘बाई, ताऱ्यांवर काही आहे का?’’ मेंढरांबरोबर रात्री रानात असताना तो आकाश बघत पडायचा. मी जयंत नारळीकरांचा ‘यक्षांची देणगी’ हा विज्ञानकथांचा संग्रह दिला. चार दिवसांत परत आणला आणि म्हणाला, ‘‘याच्यासारखं दुसरं द्या.’’ ‘बनगरवाडी’ त्या वर्षी बदलीवर आलेल्या एका अधिकाऱ्याच्या मुलीनं वाचली. मेंढरं चारायला किती लांब नेतात, असं तिनं विचारलं. मला सांगता आलं नाही, वर्गातच कुणीतरी सांगितलं.

तेव्हापासून मुलाच्या आडनावावरून, गावावरून, घरच्या धंद्यावरून पुस्तक काढायचं नाही, हे मी ठरवलं. तऱ्हेतऱ्हेच्या माणसांच्या गोष्टी कपाटात हव्यातच, आणि मेंढपाळाच्या पोरालाही त्याच्या रानाची गोष्ट हाताशी सापडायला हवी. पण ती त्याची त्यानं उचलावी.

‘तुला काय आवडतं?’ असं विचारू नका, ‘काहीही द्या’ एवढंच उत्तर मिळतं. शेवटचं कुठलं पुस्तक पुरं केलंस आणि कुठलं अर्ध्यात सोडलंस, हे विचारा. सोडलेल्या पुस्तकावरून जास्त कळतं. मग तीन पुस्तकं समोर ठेवा: एक त्याच्या ओळखीच्या वाटेवरचं, एक त्याच वाटेनं जरा लांब नेणारं, एक अगदीच वेगळं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे संपवलेल्या मुलांना मी सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा देते. अशोक जैन यांनी तो मराठीत आणलाय. धावपळ आणि तपास ओळखीचा, पण पोरगं कोलकात्याहून थेट जैसलमेरला पोचतं. अण्णा भाऊ साठ्यांची ‘फकिरा’ मी नववीच्या आधी सहसा सुचवत नाही, पण एकदा वाचली की मुलं तिच्याबद्दल आपसात बोलत राहतात.

‘मुलींचं पुस्तक’ हा शिक्का तर मी बोलून दाखवूच देत नाही. शांता शेळक्यांनी केलेला ‘चौघीजणी’ हा अनुवाद आठवीतल्या एका मुलानं मागितला तेव्हा मागून हसू फुटलं. मी त्या तासाला त्यातलं एक प्रकरण सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. पुढच्या आठवड्यात त्याच पुस्तकासाठी नंबर लागले.

आणि मुलांकडून सारांश लिहून घेऊ नका. देवघेव वहीत मी एक जादा रकाना आखलाय. त्यात आवडलं तर बरोबरची खूण, नाही तर फुली. फुलीबद्दल जाब विचारायचा नाही. वर्षअखेरीला खरेदीची यादी करताना मी हाच रकाना उघडते.

कुलपाचं काय, हे प्रत्येक नवा ग्रंथपाल विचारतो. पुस्तक गहाळ झालं तर जबाबदारी आपल्यावर येते, म्हणून कपाटं बंद राहतात. ती भीती खरी आहे. मी मुख्याध्यापकांकडून लेखी परवानगी घेऊन दोन फळ्या मुलांच्या उंचीवर उघड्या ठेवल्या. वर्षात काही पुस्तकं गेली, पण देवघेव वहीची पानं कितीतरी वेगानं भरली. पैसे कमी असतील तर ‘किशोर’ची मदत होते. बालभारतीचं हे मासिक १९७१पासून निघतंय, आणि जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. मी त्यातल्या कथा छापून, टाचून त्याच उघड्या फळीवर ठेवते.

जूनमध्ये शाळा उघडल्यावरचा पहिला आठवडा दाखल नोंदवहीत, म्हणजे आलेली पुस्तकं वहीत चढवण्यात, घालवू नका, ती पावसाळ्यात पुरी होईल. त्या आठवड्यात नुसतं फळीजवळ उभं राहा आणि कुठलं पोर कुठल्या पुस्तकाला हात लावून परत ठेवतं, ते बघा.