संपत्ती व्यवस्थापनातील इंटर्नशिप: काय शिकून घ्यावे

मुंबईतील एखाद्या बँकेच्या संपत्ती व्यवस्थापन विभागात रुजू होण्यापूर्वी भांडवली बाजाराची नियामक संस्था सेबीने घातलेल्या किमान गुंतवणुकीच्या मर्यादा पाठ कराव्यात: पोर्टफोलिओ मॅनेजमेंट सर्व्हिसेससाठी (प्रत्येक ग्राहकाचा पैसा व्यवस्थापकाने स्वतंत्रपणे गुंतवण्याची सेवा) ५० लाख रुपये, तर पर्यायी गुंतवणूक फंडासाठी (मोठ्या गुंतवणूकदारांचा पैसा एकत्र करून गुंतवणारा खासगी फंड) सर्वसाधारणपणे १ कोटी. सुरुवातीचा वेळ बहुधा केवायसीची, म्हणजे ग्राहकाची ओळख पटवणारी, कागदपत्रे तपासण्यात जातो. काम कंटाळवाणे खरे, पण पैसा कोठून आला आणि ट्रस्ट किंवा कंपनीमागचा खरा लाभार्थी कोण, हे त्यातूनच उमगते. म्युच्युअल फंडाची शिफारस वाचताना योजना रेग्युलर (वितरकामार्फत घेतलेली) आहे की डायरेक्ट (थेट फंड कंपनीकडून घेतलेली), हे अवश्य पाहावे, कारण रेग्युलर योजनेत वितरकाचे कमिशन योजनेच्या खर्चातूनच दिले जाते आणि सल्ला नेमका कोणाच्या हिताचा, हा प्रश्न तेथेच उभा राहतो. ग्राहकाचे नाव मात्र लोकलच्या गर्दीतही उच्चारू नये.